वाचकांचे प्रश्न : परकीय मदत कुठे रुजते आणि कुठे वाहून जाते?

विकसनशील देशांना मिळणाऱ्या परकीय मदतीविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिले दोन प्रश्न विषयाच्या मुळाशी जाणारे असल्यामुळे त्यांची उत्तरे अधिक विस्ताराने दिली आहेत.

प्रश्न : मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. "संस्था चांगल्या असतील तरच परकीय मदत परिणामकारक ठरते" असे वाक्य आमच्या अभ्यासात वारंवार येते. हे सिद्ध झालेले आहे का? आणि येथे 'संस्था' म्हणजे नेमके काय समजायचे?

उत्तर : प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. अर्थशास्त्रात 'संस्था' हा शब्द इमारती किंवा कार्यालये यांच्यासाठी वापरत नाहीत. तो नियमांसाठी, आणि ते नियम प्रत्यक्षात पाळले जातात की नाही यासाठी वापरतात. करार मोडला तर न्यायालयात दाद लागते का, अंदाजपत्रकात मंजूर झालेली रक्कम कोषागारातून ठरल्या खात्यावर वेळेवर जमा होते का, कंत्राट निविदेवर मिळते की ओळखीवर, लेखापरीक्षकाने आक्षेप नोंदवल्यावर त्याचे उत्तर कोणाला तरी द्यावे लागते का, आणि राज्यकर्त्याला शांततेने पायउतार करण्याचा मार्ग लोकांपाशी आहे का, या सगळ्याला मिळून संस्थात्मक गुणवत्ता म्हणतात. जागतिक बँकेचे शासनविषयक निर्देशांक तिची मोजदाद सहा अंगांनी करतात : नागरिकांचा आवाज व उत्तरदायित्व, राजकीय स्थैर्य, शासनाची कार्यक्षमता, नियमनाचा दर्जा, कायद्याचे राज्य आणि भ्रष्टाचारावरील नियंत्रण. हे निर्देशांक बऱ्याच अंशी जाणकारांच्या, उद्योजकांच्या आणि नागरिकांच्या मतांवरून तयार होतात, हे मात्र ते वापरताना विसरू नये.

आता सिद्ध झाले आहे का, याविषयी. क्रेग बर्नसाइड आणि डेव्हिड डॉलर या अर्थतज्ज्ञांनी 2000 साली एक निबंध प्रसिद्ध केला. महागाई आटोक्यात, तूट मर्यादित आणि व्यापार खुला असलेल्या देशांत मदतीमुळे आर्थिक वाढीला गती मिळते, इतरत्र तसे होताना दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. दाता देशांना तो फार सोयीचा वाटला, कारण मदत कोणाला द्यावी याचे सरळ सूत्रच त्यातून मिळत होते. परंतु विल्यम ईस्टर्ली, रॉस लेव्हिन आणि डेव्हिड रूडमन यांनी 2004 मध्ये तीच पद्धत वापरून आकडेवारी 1993 ऐवजी 1997 पर्यंत वाढवली, काही सुटलेली माहिती जोडली, आणि तो निष्कर्ष टिकला नाही. पुढे रघुराम राजन आणि अरविंद सुब्रमण्यन यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मदत आणि वाढ यांच्यात कोणताही भक्कम संबंध आढळला नाही. चांगल्या धोरणांच्या देशांत मदत अधिक फळते, यालाही त्यांना पुरावा सापडला नाही.

याचा अर्थ संस्थांना महत्त्व नाही असा काढणे चूक ठरेल. देशोदेशींच्या वाढीच्या दरांची तुलना करून हा प्रश्न सोडवणे मुळातच अवघड आहे. मदत बहुधा संकटात सापडलेल्या देशाकडे जाते, त्यामुळे जिथे मदत जास्त तिथे वाढ कमी दिसणे स्वाभाविक असते. औषध घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा अधिक आजारी दिसतात, म्हणून औषधाने आजार होतो असे आपण म्हणत नाही. शिवाय युद्धातल्या मित्रराष्ट्राला खूश ठेवण्यासाठी दिलेली रक्कम आणि लसीकरणासाठी दिलेली रक्कम एकाच 'मदत' या रकान्यात मोजली, तर त्या सरासरीतून काय कळणार? म्हणून माझा कल अशा तुलनांपेक्षा पैशाची वाट पावलापावलाने तपासणाऱ्या अभ्यासांकडे आहे.

त्यातला सर्वांत बोलका अभ्यास युगांडाचा आहे. 1990 च्या दशकात त्या सरकारच्या खर्चाचा मोठा भाग दात्यांच्या पैशावर चालत होता. प्राथमिक शिक्षणासाठी केंद्राकडून निघणारा पैसा वाढत होता, पण शाळांमध्ये त्याचा परिणाम दिसत नव्हता. तेव्हा शाळांकडे किती रक्कम पोहोचली हे थेट शाळांच्याच दप्तरांतून मोजायचे ठरले. रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेन्सन यांनी 250 शाळांच्या नोंदी तपासल्या. 1991 ते 1995 या काळात पगाराव्यतिरिक्तच्या दरडोई अनुदानापैकी सरासरी फक्त 13 टक्के रक्कम शाळांपर्यंत पोहोचली होती, आणि बहुतेक शाळांना तर काहीच मिळाले नव्हते. मधली रक्कम जिल्हा पातळीवर इतर कामांकडे आणि इतरांच्या खिशात वळली होती. यानंतर सरकारने प्रत्येक जिल्ह्याला दरमहा किती पैसे सोडले याचे आकडे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, शाळांच्या भिंतीवर मिळालेल्या रकमेची सूचना लावणे सुरू झाले, आणि 2001 पर्यंत पोहोचणारे प्रमाण 80 टक्क्यांच्या पुढे गेले. वर्तमानपत्र विकत मिळण्याच्या ठिकाणापासून जवळ असलेल्या शाळांमध्ये ही सुधारणा अधिक दिसली. त्याच काळात इतरही प्रशासकीय सुधारणा झाल्या होत्या, त्यामुळे सगळे श्रेय छापील आकड्यांना देता येत नाही. तरीही देश तोच, सरकार तेच आणि सोडलेला पैसा त्याच कामासाठीचा असताना, केवळ हिशेब कोणाला दिसतो एवढ्या एका बदलाने केवढा फरक पडू शकतो, हे त्यातून नीट समजते.

प्रश्न : मदत घेऊनही काही देश सावरले आणि काही बुडाले. याचे कारण केवळ प्रामाणिक नेते आणि भ्रष्ट नेते एवढेच आहे का?

उत्तर : नेत्यांचा वाटा मोठा असतो हे नाकारत नाही, पण दोन टोकांची उदाहरणे शेजारी ठेवली की आणखी काही दिसू लागते.

बोट्स्वाना 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा त्या विस्तीर्ण देशात डांबरी रस्ता जेमतेम 12 किलोमीटर होता. पहिली काही वर्षे सरकारचा रोजचा खर्चसुद्धा ब्रिटनच्या अनुदानातून भागवावा लागत होता. मदतीवर इतका विसंबलेला देश पुढे परावलंबी राहील, असाच अंदाज कोणीही केला असता. प्रत्यक्षात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच रोजच्या खर्चासाठीच्या त्या अनुदानाची गरज संपली. यामागे हिऱ्यांचे उत्पन्न होते हे खरे, परंतु हिरे सापडलेल्या अनेक देशांचे पुढे काय झाले हेही आपण पाहिले आहे. राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा ज्या बांग्वाटो जमातीच्या राजघराण्यातले, त्याच जमातीच्या भूमीत हिऱ्यांचा मोठा साठा होता, आणि तरीही भूगर्भातील संपत्तीचा हक्क जमातीकडे न ठेवता कायद्याने राष्ट्राकडे देण्यात आला. मदतीच्या बाबतीत त्या देशाची शिस्त अशी होती की, राष्ट्रीय विकास योजनेत आधीपासून नसलेला प्रकल्प दात्याने कितीही आग्रह धरला तरी सहसा स्वीकारायचा नाही, आणि इमारत बांधून झाल्यावर तिथल्या शिक्षकांचा, परिचारिकांचा, दुरुस्तीचा खर्च कोण करणार हे ठरल्याशिवाय बांधकामाला हात लावायचा नाही. अर्थ आणि नियोजन हे दोन्ही विषय एकाच मंत्रालयाकडे असल्यामुळे ही शिस्त कागदावर न राहता अमलात येऊ शकली. दात्याला नकार देता येणे ही मला स्वतःला संस्थात्मक गुणवत्तेची सर्वांत विश्वासार्ह खूण वाटते.

दुसऱ्या टोकाला हुकूमशहा मोबुटू यांचा झाईर, म्हणजे आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक. तिथे तांबे, कोबाल्ट, हिरे आणि परकीय कर्जे यांची कमतरता नव्हती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 1978 मध्ये जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेतील अनुभवी अधिकारी एर्विन ब्लुमेंथाल यांना झाईरच्या मध्यवर्ती बँकेत पाठवले. बँकेच्या तिजोरीतून सत्ताधाऱ्यांच्या माणसांकडे पैसा कसा जातो हे त्यांनी जवळून पाहिले आणि 1982 च्या अहवालात स्पष्ट लिहिले की, या व्यवस्थेतून धनकोंना त्यांचे पैसे परत मिळण्याची आशा ठेवता येणार नाही. इतका रोखठोक इशारा हाती असतानाही कर्जे आणि मदत चालू राहिली, कारण शीतयुद्धात झाईर पाश्चिमात्य गोटात राहणे दात्यांना हिशेबापेक्षा महत्त्वाचे वाटत होते. मोबुटू 1997 पर्यंत सत्तेवर राहिले. त्या कर्जांचे ओझे मात्र त्यांच्यानंतर तिथल्या सामान्य माणसांनी वाहिले, आणि हे लिहिताना आजही मन अस्वस्थ होते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की, नेता कसा आहे याइतकेच तो कोणाला बांधील आहे हेही पाहावे लागते. राज्यकर्त्याला कर हवा असेल तर त्याला करदात्यांचे ऐकावे लागते, आणि करदाते बदल्यात रस्ता, शाळा, न्याय मागतात. महसुलाचा मोठा भाग बाहेरून येऊ लागला की त्याची नजर नागरिकांकडून दात्याकडे वळते. अर्थतज्ज्ञ स्टीफन नॅक यांनी 2001 मध्ये मांडले की, मदतीवरील अवलंबन वाढते तसा शासनाचा दर्जा घसरताना दिसतो. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांचाही परकीय मदतीवरचा मुख्य आक्षेप याच दिशेचा आहे. म्हणजे संस्था मदतीचे फळ ठरवतात हे जितके खरे, तितकेच मदतही संस्थांना घडवते किंवा पोखरते हेही खरे आहे, आणि चर्चेत हा दुसरा भाग फार वेळा गळतो. जागतिक बँकेसाठी झालेल्या आणि 2020 मध्ये समोर आलेल्या एका अभ्यासात, मदतीवर सर्वाधिक अवलंबून असलेल्या 22 देशांना मोठी रक्कम मिळाल्याच्या तिमाहीतच त्या देशांतील लोकांच्या करमुक्त परदेशी आश्रयस्थानांमधील बँक ठेवी वाढलेल्या आढळल्या. गळतीचा सरासरी अंदाज सुमारे 7.5 टक्के होता, आणि अवलंबन जितके जास्त तितकी गळतीही जास्त होती.

दात्यांची जबाबदारीही येथे नोंदवली पाहिजे. अल्बेर्तो अलेसिना आणि बियाट्रिस वेडर यांनी 2002 मध्ये दाखवून दिले की, भ्रष्ट सरकारांना एकूण मदत कमी मिळते असे आढळत नाही. स्कँडिनेव्हियातील देश आणि ऑस्ट्रेलिया यांच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे होते. दात्याचा हेतूच मैत्री विकत घेण्याचा किंवा स्वतःच्या कंपन्यांचा माल खपवण्याचा असेल, तर घेणाऱ्या देशातल्या संस्था कितीही चांगल्या असल्या तरी त्या मदतीकडून विकासाची अपेक्षा करता येणार नाही.

प्रश्न : मग ज्या देशांत कारभार ढासळलेला आहे, त्यांना मदत देऊच नये का? तिथलीच माणसे तर सर्वांत गरीब असतात.

उत्तर : देऊ नये, असे मी म्हणणार नाही. सगळ्या कामांना सारख्याच प्रतीच्या संस्था लागत नाहीत. देवीचा नैसर्गिक संसर्गाने झालेला जगातला शेवटचा रुग्ण ऑक्टोबर 1977 मध्ये सोमालियातील मेर्का येथे सापडला, आणि 1980 मध्ये रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. त्या काळच्या सोमालियाचा कारभार आदर्श होता असे कोणी म्हणणार नाही. पण उष्णतेत टिकणारी कोरडी लस, वापरायला सोपी दुटोकी सुई, नेमका रुग्ण शोधून त्याच्या भोवतालच्यांना टोचण्याची पद्धत आणि प्रत्यक्ष तपासता येणारे यश यांमुळे हे काम कमकुवत यंत्रणेतही पार पडले. टोचलेल्या लसीचा व्रण दंडावर दिसतो, त्यामुळे खोटा अहवाल फार काळ टिकत नाही. याउलट न्यायव्यवस्था, शिक्षणाची गुणवत्ता किंवा पोलीस दल ही कामे रोजच्या हजारो लहान निर्णयांवर चालतात. ते निर्णय बाहेरून कोणाला मोजता येत नाहीत, आणि तिथे संस्थांची उणीव लगेच जाणवते.

अडचण त्यापुढे सुरू होते. सरकारवर विश्वास नाही म्हणून दाते स्वतंत्र कार्यालये, स्वतंत्र खाती आणि स्वतंत्र नोकरवर्ग उभा करतात. काम त्या वेळेपुरते होतेही. पण सरकारी खात्यातला सर्वांत हुशार अभियंता किंवा डॉक्टर कितीतरी पट पगारावर प्रकल्पात जातो, आणि मूळचे खाते आधीपेक्षा पोकळ होते. हैतीमध्ये 12 जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर आलेल्या तातडीच्या मदतीपैकी सुमारे 1 टक्काच तिथल्या सरकारच्या हाती गेला. सरकारची स्थिती पाहता दात्यांची भीती निराधार नव्हती. तरीही कचरा, पाणी, घरबांधणी ही कामे शेवटी त्याच सरकारला करायची होती, आणि त्यासाठी लागणारे बळ त्याला कोणीच दिले नाही. अफगाणिस्तानात 2021 पूर्वी सरकारी खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परकीय अनुदानातून होत होता, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये सत्ता बदलताच हे अनुदान थांबल्यावर दवाखाने आणि शाळांचे पगारही थांबले.

मधला मार्ग काही ठिकाणी निघाला आहे. इथिओपियात 2005 च्या निवडणुकीनंतर हिंसाचार झाल्यावर दात्यांनी सरकारच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकाला पैसे देणे थांबवले, पण शाळा, दवाखाने, पाणी यांसाठी स्थानिक प्रशासनाकडे जाणारा पैसा 2006 पासून वेगळ्या कार्यक्रमातून, अधिक तपासणीसह चालू ठेवला. शिक्षकांचे पगार सरकारी यंत्रणेतूनच गेले, त्यामुळे ती यंत्रणा मोडली नाही. या व्यवस्थेवरही टीका झाली आहे, विशेषतः त्यामुळे दडपशाही करणाऱ्या सरकारला बळ मिळाले अशी, आणि ती टीका गंभीरपणे घेण्यासारखी आहे.

प्रश्न : मदतीला अटी जोडून संस्था सुधारता येतात का? भ्रष्टाचारविरोधी आयोग, खरेदीचे कायदे अशा अटी घातल्याचे वाचनात येते.

उत्तर : कायदा करवून घेता येतो, तो पाळला जाईल याची हमी अटीतून मिळत नाही. हप्ता सुटावा म्हणून आयोग स्थापन होतो, त्याला इमारत आणि अध्यक्ष मिळतो, पण बड्या माणसावर खटला भरायची वेळ आली की त्याचे हात बांधलेले असतात. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे सांगाडे जागेवर दिसतात, आणि याच कारणाने पुढचा हप्ताही सुटतो.

काही नेमके प्रयोग मात्र आश्वासक आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याने इंडोनेशियात गावोगाव रस्ते बांधले जात होते. बेंजामिन ओल्केन यांनी 600 हून अधिक गावांत अभियंत्यांकडून रस्ते खणून किती खडी आणि वाळू प्रत्यक्ष घातली गेली हे मोजून घेतले. सरकारी लेखापरीक्षण होण्याची शक्यता 4 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर नेल्यावर, म्हणजे तपासणी नक्की होणार हे आधी सांगितल्यावर, गहाळ होणारा खर्च सुमारे 8 टक्केबिंदूंनी घटला. गावसभांना अधिक लोक बोलावल्याने एकूण गळतीवर फारसा परिणाम झाला नाही. सिएरा लिओनमध्ये अशाच एका ग्रामविकास कार्यक्रमाने विहिरी, शाळा, बाजारपेठा सुधारल्या, पण स्त्रियांचा आणि तरुणांचा गावच्या निर्णयांतला सहभाग कार्यक्रम संपल्यावर वाढलेला आढळला नाही. काही वर्षांच्या प्रकल्पाने पिढ्यानपिढ्यांचे अधिकारसंबंध बदलत नाहीत, आणि तसे वचन देणाऱ्या प्रस्तावांकडे मी सावधपणे पाहतो.

लायबेरियात यादवी युद्धानंतर 2005 पासून काही वर्षे महत्त्वाच्या सरकारी खर्चावर परदेशी तज्ज्ञाची दुसरी सही आवश्यक केली होती. सार्वभौमत्वाला लागलेला हा धक्काच होता, पण त्या मोडकळलेल्या अवस्थेत तिजोरीतली गळती रोखायला त्याचा उपयोग झाला. तो उपाय मुदतीचा होता आणि संपवलाही गेला, हे त्यात महत्त्वाचे.

प्रश्न : मदतीचा पैसा कुठे जातो हे सामान्य नागरिकाला पाहता येते का?

उत्तर : काही प्रमाणात येते. मदतीच्या पारदर्शकतेसाठी 2008 मध्ये घानातील आक्रा येथे एक आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. त्याच्या ठरलेल्या नमुन्यात अनेक दाते आपल्या प्रकल्पांची माहिती प्रसिद्ध करतात, आणि आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची आकडेवारीही खुली आहे. परंतु या नोंदी बहुधा दात्याने किती पैसे सोडले इथे थांबतात. युगांडातल्या मुख्याध्यापकाला उपयोगी पडला तो आकडा या शेवटच्या पायरीचा होता : या महिन्यात त्याच्या जिल्ह्यासाठी किती रक्कम निघाली आणि त्यातली त्याच्या शाळेच्या वाट्याची किती. त्या पायरीपर्यंतची माहिती दात्यांच्या नोंदींत सहसा मिळत नाही. ती मदत घेणाऱ्या देशाच्या कोषागारातून, शाळा आणि दवाखाना चालवणाऱ्यांना कळेल अशा भाषेत, बाहेर यावी लागते.